बसलेली सीट उशीने उठत नाही

आज पिकाचं नाही, बुडाखालचं बोलू.

जाधववाडीच्या बाजार समितीत माल घेऊन आलेल्या जुन्या पिकअप, जीपगाड्यांत डोकावून बघा. टपावर दिवे, काचेवर नाव, आत दणदणीत स्पीकर. आणि ड्रायव्हरच्या सीटवर? बारदाना, नाहीतर गोधडीची घडी, वरून चकचकीत कव्हर. याला आपण ‘सीट नवी केली’ म्हणतो! वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही तऱ्हा. वर ‘शेतकऱ्याला सवय असते’ हे आहेच. सवय मनाला होते राव, मणक्याला नाही.

सीट बसते म्हणजे नेमकं काय होतं? एकाच जागी दाबून दाबून फोम चेपतो, खालच्या स्प्रिंगा नाहीतर पट्ट्या सैल पडतात. बूड मागच्या खड्ड्यात, गुडघे वर, कंबरेचा बाक गेला. त्यात मऊ उशी टाकली की पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग तीही खड्ड्यात.

शिवाय बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे सगळ्यात जास्त जाचतात. जाड मऊ गादी कच्च्या रस्त्यावर साधारण त्याच तालात डोलते. म्हणजे हादरा कमी करायला टाकली आणि तिनेच वाढवला. युरोपात २००२ पासून नियम आहे: ८ तासांच्या हिशेबाने अंगाला पोचणारा हादरा ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला की मालकाने उपाय करायचा, १.१५ च्या वर जाऊच द्यायचा नाही. आपल्याकडे मालक तोच, ड्रायव्हर तोच. तक्रार कुणाकडे करणार?

आणि उशीमुळे पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर सरकू शकतो. धडक बसली तर आतडी त्याखाली येतात. कंबरदुखीपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते.

त्यापेक्षा सीट खोलून उलटी करून बघा. (सीटखाली एअरबॅगची वायर असेल तर स्वतः हात लावू नका, मेकॅनिककडून काढून घ्या.) आधी तुटकी स्प्रिंग, सैल पट्टी बदला. मग कुशनवाल्याकडून खाली दाट रीबॉन्डेड फोम, वर पातळ मऊ थर. ‘४० डेन्सिटीचा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ५० सेंमी लांब, ५० रुंद, ५ जाड तुकडा काट्यावर ठेवा, अर्धा किलो भरला पाहिजे. २२५ ग्रॅम भरला तर तो १८ चा, लवकरच बसणार. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, टिकाऊपणा. कापूस तोलून विकतो, खत तोलून आणतो, फोम मात्र बोटाने दाबून घेतो आपण!

वरून रेक्झिन नको, आपल्या उन्हाळ्यात पाठ भिजते. जाडसर कापड बरं. तोवर पाठीशी, कंबरेच्या बाकात, टॉवेलची गुंडाळी धरा. फुकटात होतं आणि उशीपेक्षा बरं.

ट्रॅक्टरवाल्यांनो, हसू नका. तुमच्या सीटला वजन लावायचा नॉब असेल तर तो शेवटचा कधी फिरवला? ६० किलोचा पोरगा आणि ९० किलोचा बाप एकाच सेटिंगवर नांगरतात. आणि सीटखालच्या शॉकअपमधून तेल गळत असेल तर नॉब फिरवूनही उपयोग नाही, तो आधी बदला.