कुठे दुखते, हे ज्याला सांगता येत नाही

बारावीचा निकाल लागला की घरोघरी मुलींच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. नर्सिंगचे नाव त्यात हमखास निघते. तीन वर्षांचे जीएनएम की चार वर्षांचे बी.एस्सी., एवढाच काय तो प्रश्न उरतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची शुश्रूषा ही नर्सिंगची स्वतंत्र शाखा असू शकते, हे मात्र कुणाच्या गावीही नसते.

ब्रिटनमध्ये ती आहे. तेथे परिचारिकेच्या शिक्षणाच्या चार वाटा आहेत: प्रौढांची, बालकांची, मानसिक आरोग्याची आणि चौथी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ची. आपल्याकडे अध्ययन अक्षमता म्हटले की वाचता-लिहिताना अडखळणारे, पण एरवी चुणचुणीत मूल डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमध्ये हे शब्द वापरतात ते, आपण कालपरवापर्यंत ज्यांना ‘मतिमंद’ म्हणत होतो, त्यांच्यासाठी. या पदवीचा जवळजवळ निम्मा काळ प्रत्यक्ष कामात जातो.

वेगळे शिकावे असे यात आहे तरी काय? पुष्कळ आहे. कुठे दुखते हे सांगता न येणारा मुलगा दाढ दुखली तर भिंतीवर डोके आपटतो. पोट साफ होत नसेल तर जेवण टाकतो, अंगावर धावून येतो. बघणारे म्हणतात, ‘तो तसाच आहे.’ या तीन शब्दांत दुखणे दडून जाते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतःच हृदयदोष असतो. पुढे थायरॉईडची तक्रारही अनेकांत उद्भवते. बौद्धिक अक्षमतेच्या जोडीला फेफरे येणेही नेहमीचेच. स्वभाव कोणता आणि आजार कोणता, हे ओळखणे हीच या शिक्षणाची खरी विद्या.

ती नसली तर काय होते, हे ब्रिटननेही पाहिले आहे. ऑलिव्हर मॅकगोवन हा 18 वर्षांचा, स्वमग्नता आणि फेफरे असलेला मुलगा 2016 मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात दगावला. मनोविकारावरचे औषध देऊ नका, असे त्याने आणि आईवडिलांनी सांगूनही ते दिले गेले होते. अखेर 2022 च्या कायद्याने तेथील आरोग्यसेवकांना या विषयाचे प्रशिक्षण बंधनकारक झाले.

आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा विषय एखाद्या प्रकरणापुरता येतो. विशेष शिक्षकांसाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची पदविका आहे. म्हणजे शाळेत मूल ओळखणारी बाई आहे, वॉर्डात आजार ओळखणारी सिस्टर आहे. दोन्ही ओळखणारी एकटी आई. ती थकली की पुढे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री जागा असतो.

आपल्या शहरातली घाटी पाहा. जालना, बीड, परभणीहून माणसे तेथे येतात. त्यांत अशी मुलेही असतात, ओळीत ताटकळून बिथरणारी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 25 त्यांना तपासणी व उपचारात अग्रक्रम देते. कलम 47 तर परिचारिकांच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय घाला, असे स्पष्ट सांगते. तेव्हा नवा कायदा मागायचा नाही. आहे तो पाळायचा आहे. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीने पंधरा दिवस विशेष शाळेत घालवले, तर त्यासाठी ना इमारत लागेल, ना यंत्रे. त्यातल्याच काही जणींना याच कामाची गोडी लागेल; त्यांच्यासाठी वर्षभराची पदविका निघावी.

तोवर घरच्यांनी एक करावे. एका कागदावर लिहून ठेवावे: दुखले की हा काय करतो, कशाला घाबरतो, गोळी कशात घालून घेतो, कोणते औषध सोसत नाही. ब्रिटनमध्ये असा कागद रुग्णासोबत दवाखान्यात जातो. केसपेपरला तो टाचून द्यावा. सिस्टरने तो वाचावा, एवढी अपेक्षा फार नव्हे.

आणि मुलीने नर्सिंगला जायचे ठरवले असेल, तर तिला या चौथ्या वाटेविषयी जरूर सांगावे. आज ती आपल्याकडे नाही. पण चालणारे निघाले तरच वाट पडते.