‘आयटीआयला तरी घाला’ हे आपण कधी थांबवणार?



दहावीचा निकाल लागला की गावातले पालक माझ्याकडे येतात. मी प्राथमिकचा शिक्षक, पण खेड्यात दुसरं विचारायचं कोणाला? मार्क चांगले असले तर प्रश्न असतो, “गुरुजी, सायन्सला घालू ना?” कमी पडले की आवाज खाली येतो, “मग आयटीआयला तरी घालावं का?” या ‘तरी’बद्दल आज लिहायचं आहे. पालकांच्या तोंडी तो आपणच घातला, असं मला वाटतं. मी तर नक्कीच घातला.

2012-13 ला माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात मागे, पाढ्यांत तर फारच मागे. शाळेचा टेबलफॅन कित्येक महिने बंद होता. यानं एका मधल्या सुट्टीत तो उघडला, आतला धुरळा काढला, अडकलेलं पातं सरळ केलं आणि फॅन फिरला. मी काय केलं? सगळ्या वर्गासमोर म्हणालो, “पाढे पाठ कर, नाहीतर जन्मभर हातात पाना घेऊन बसशील.” वर्ग हसला. तोही हसला.

परवा तो भेटला. बारावी केली, बी.ए. केलं, आणि आता वीजतंत्रीच्या ट्रेडला दहावी झालेल्या पोरांच्या शेजारी बसतोय. “सर, मधली पाच वर्षं उगाच गेली,” एवढंच म्हणाला. माझं ते वाक्य त्याला आठवतं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता गंमत बघा. मी स्वतः काय शिकलो? डी.एड. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांचं कामाचं शिक्षणच की! सराव पाठ, पाठ टाचण, निरीक्षकांचे शेरे, छात्रसेवाकाल. फळ्याकडे तोंड करून बोलू नये हे मला पुस्तकानं नाही, पाठीमागे बसलेल्या मॅडमनी शिकवलं. फिटरच्या ट्रेडला पोरगं सुरुवातीला लोखंडाच्या तुकड्यावर कानस मारत बसतं आणि गुण्या लावून काटकोन तपासत राहतं, त्यातलाच हा प्रकार. मग मी ‘गुरुजी’ आणि तो ‘आयटीआयवाला’, हा फरक आला कुठून?

पण म्हणून ‘पदवी सोडा, कोर्स करा’ असं मी म्हणणार नाही. मी 2010 च्या सीईटीतून लागलो, त्यानंतर भरती कित्येक वर्षं थंडावली. पुढे टीईटी आली, मग अभियोग्यता चाचणी आली, आणि माझ्याच बॅचचे चांगले शिकवणारे मित्र आज किराणा आणि मोबाईलचं दुकान चालवतात. आमच्या कामाला गिऱ्हाईक दोनच, सरकार आणि संस्था. ते दार बंद झालं की सगळंच बंद. वायरिंग, मोटर रिवाइंडिंग, वेल्डिंग यांचं तसं नाही. कारखाना नाही मिळाला तर शेतातली मोटर आहे, ती नाही तर शेजारचं घर आहे. म्हणून पालकांनो, पदवी की ट्रेड हा वाद घालण्याआधी एवढं विचारा, की हे शिकल्यावर मुलाच्या कामाला किती दारांतून बोलावणं येईल?

पदवीची किंमत मला कळते. राज्यसेवेला पदवी लागतेच. ज्याला वाचनाची, अभ्यासाची ओढ आहे त्यानं बी.ए. जरूर करावं, मन लावून करावं. पण महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र मागतात, तिथे नुसतं बी.ए. चालत नाही. आणि आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं हेही खरं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, तिथून पुढे इंजिनिअरिंगही आहे. हे आपल्यातल्या किती शिक्षकांना ठाऊक आहे? मलाही उशिरा कळलं. लग्नाच्या बाजाराचं मात्र काय करायचं? तिथे ‘मुलगा ग्रॅज्युएट हवा’ हे अजून चालूच आहे.

प्रवेश घेण्याआधी एकदा वर्कशॉप बघून या. जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला दिसला, पोरांचे हात काळे दिसले तर खुशाल घाला. यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरावर धूळ असेल तर दुसरं आयटीआय शोधा. मुलींनाही सोबत न्या. त्यांना शिवणकामाच्या पलीकडचे ट्रेड कोणी दाखवतच नाही.

शिक्षक मित्रांनो, आता आपलं. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असतो आणि गणिताला जातो. मीही नेलाय, लपवत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. आमची शाळा चौथीपर्यंतच, तरी पुढच्या महिन्यापासून एक शनिवार गावातल्या कारागिरांसाठी ठेवायचं ठरवलंय. सुतारमामा तयार आहेत. वेल्डिंगवाल्या दादांना लहान पोरांची भीती वाटते, त्यांची समजूत काढायची आहे.

पहिल्या शनिवारी त्याच मुलाला बोलावलंय. त्यानं विचारलं, “सर, तो टेबलफॅन आहे का अजून?” आहे, कपाटावर पडलाय. पुन्हा बंद आहे. या वेळी तो उघडेल तेव्हा मी चौथीच्या पोरांसोबत खाली बसणार आहे.