आठवी पास झालं, पण भागाकार येतो का?

एप्रिल आला की कांदा काढणी, लग्नसराई अन् पोरांची परीक्षा एकदमच येते. मग १ मे ला निकाल. आधी आठवीपर्यंत कोणाला नापास करत नव्हते, त्यामुळे घरी कोणी फारसं विचारतही नसे.

आता तसं राहिलेलं नाही. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते. नापास झालं तर शाळेने जादा मार्गदर्शन करायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत पुरवणी परीक्षा घ्यायची. त्यातही गेलं तर पुन्हा त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

पण पास झालं म्हणजे आलंच, असं नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं. हे गणित तिसरी-चौथीतलं. तेच कच्चं राहिलं तर नववी-दहावीला गणित अडणारच.

हे तपासायला पालक शिकलेला असावा लागत नाही. बाजारातून आलेले ७८५ रुपये ५ जणांत सारखे वाटायला सांगा. १५७ आले तर ठीक. नाही आले तर पोरावर ओरडू नका. निकाल आणायला जाल तेव्हा गुरुजींना टक्क्यांच्या आधी हे विचारा. उन्हाळ्याची सुट्टी अजून हातात आहे. शेतातलं काम चालूच राहील, रोजचा एक तास पाटी-वहीला द्या.