दोर कोणीं कापावा?

विद्यार्थ्यांनीं चित्रपट पाहूं नयेत, असें सांगण्याचा काळ केव्हांच मागें पडला. ते पाहणारच, तेव्हां त्यांतील पापमुक्ति खरी कीं खोटी, हें पारखण्याची दृष्टि त्यांस यावी, एवढीच आम्हां वडीलधाऱ्यांची इच्छा. आपल्याकडील पुष्कळ चित्रपटांत पाप्याचा निकाल फार सोपा असतो. अडीच तास दुष्कर्में करावीं आणि शेवटीं कोणाच्या तरी रक्षणासाठीं छातीवर गोळी झेलावी, कीं हिशेब चुकता! प्रेक्षक डोळे पुसून समाधानानें घरीं जातात. ज्यांचें त्यानें वाटोळें केलें, त्यांना मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं.

रोलंड जोफे यांचा 'द मिशन' हा १९८६ सालचा इंग्रजी चित्रपट ह्याहून निराळा आहे. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत अठराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांनीं ग्वारानी लोकांमध्यें चालविलेल्या मिशनाची ही कथा. रॉड्रिगो मेंडोझा हा त्याच ग्वारानींना पकडून गुलाम म्हणून विकणारा मनुष्य. मत्सराच्या भरांत द्वंद्वयुद्ध करून तो आपल्या धाकट्या भावास ठार करितो. कायदा त्यास सोडतो. मन सोडीत नाहीं. फादर गॅब्रिएल यांच्या सांगण्यावरून तो प्रायश्चित्त पत्करतो, आणि आपल्या चिलखत-तरवारींचें गाठोडें दोरानें अंगाला बांधून धबधब्याजवळचा कडा चढूं लागतो.

वाटेंत एका पाद्र्यास दया येते व तो दोर कापतो. गाठोडें खालीं कोसळतें. मेंडोझा मुकाट्यानें खालीं उतरतो आणि तें पुन्हां बांधून घेतो! पाद्री भला होता, परंतु अन्याय कांहीं त्याच्यावर झालेला नव्हता. वर पोंचल्यावर एक ग्वारानी सुरी घेऊन येतो, ती मेंडोझाच्या गळ्याशीं धरतो, आणि अखेर गळ्याऐवजीं दोर कापतो. गाठोडें नदींत पडतें. तेव्हां कोठें तो कठोर मनुष्य लहान मुलासारखा रडूं लागतो.

कोणी म्हणेल, तारण कृपेनें मिळतें, मग गाठोडें कशाला? आमच्या मतें गाठोड्यानें क्षमा विकत घेतलीच नाहीं. ज्यांचा अपराध केला त्यांच्या दारापर्यंत त्याला आणून सोडलें, इतकेंच. वेदीपुढें अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास प्रभूनें सांगितलें, तें ह्याच कारणास्तव. पालकहो, मुलानें सोबत्याचें पुस्तक फाडलें तर आपण नवें आणून देतों आणि प्रकरण मिटवितों. तो सोबती मुलाला कधीं भेटतच नाहीं. आपणही त्या दयाळू पाद्र्यासारखे मध्येंच दोर कापणारे नव्हे काय?

पुढें १७५० च्या माद्रिद तहानें हा मुलूख पोर्तुगालकडे जातो. ज्यांनीं क्षमा केली त्यांच्याचसाठीं मेंडोझा पुन्हां तरवार उचलतो. फादर गॅब्रिएल शस्त्रास शिवत नाहींत. दोघेही मारले जातात. कोणाचें योग्य, हें चित्रपट सांगत नाहीं, आणि आमच्या घरीं तर ह्या प्रश्नावर दोन रात्रींचीं जेवणें थंड झालीं, तरी एकमत झालेलें नाहीं.