पथकर गेला, पुलाचा खर्च राहिला

कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरावर दोन झुलते पूल आहेत. मार्च 2025 मध्ये त्या दोहोंवरील पथकर रद्द झाला. रोज डार्टमथहून पैलतीरी कामाला जाणाऱ्यांना हायसे वाटले असेल, यात नवल नाही. निवडणुकीतले आश्वासन सरकारने पाळले, हेही मान्य केले पाहिजे. तथापि, ज्याला या पुलांचा इतिहास ठाऊक आहे त्याला निर्धास्त राहता येणार नाही.

या बंदराला पूल लाभत नाही, असे वाटावे असाच तो इतिहास आहे. अरुंद मुखाशी बांधलेला रेल्वेपूल 1891 च्या वादळात कोसळला. त्याच्या जागी उभारलेला दुसरा 1893 मध्ये वाहून गेला. पुढे साठ वर्षे फेरीबोट, नाही तर बंदराला लांबचा वळसा! अखेर 1955 मध्ये अँगस एल. मॅक्डोनाल्ड पूल खुला झाला. ज्या प्रांतप्रमुखाचे नाव त्याला दिले, तो मात्र वर्षभरापूर्वीच निवर्तला होता.

खारी हवा आणि बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ यांपुढे पोलादाचे काय चालणार? साठ वर्षांत रस्ता पेलणारा सांगाडा जीर्ण झाला. मनोरे व मुख्य केबल मात्र शाबूत होत्या. तेव्हा 2015 ते 2017 या काळात एक विलक्षण काम झाले. रात्री आणि शनिवार-रविवारी पूल बंद ठेवून जुन्या रस्त्याचा एकेक तुकडा कापून खाली उतरवला जाई आणि त्या पोकळीत नवा तुकडा वर खेचून बसवला जाई. सकाळी त्याच पुलावरून मोटारी धावत. असे 46 तुकडे बदलले गेले. व्हँकूव्हरच्या लायन्स गेट पुलावर हा प्रयोग आधी झाला होता, एवढाच काय तो पूर्वाधार.

हे काम प्रांताकडून घेतलेल्या कर्जातून झाले, आणि ते कर्ज फेडायचे होते पथकरातून. पथकर अन्यायाचा असेल. तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाला तो अधिक बोचतो, हा आक्षेप खोडता येत नाही. पण तो पैसा पुलाचा म्हणून राखलेला होता. सरकारी तिजोरीत रुग्णालये, शाळा आणि पूल एकाच रांगेत उभे राहतात. न दिसणारा गंज त्या रांगेत सदैव मागे पडतो. 1970 चा दुसरा पूल, मॅके, आता वृद्ध झाला आहे आणि त्याच्या जागी नवा बांधण्याचा विचार चालू आहे. त्यासाठीची तरतूद दर वर्षी वेगळी काढून ठेवण्याचा कायदा प्रांतिक विधिमंडळाने आताच करावा. गंज निवडणुकीसाठी थांबत नाही.