सीमेवर शिरस्त्राण, गावात उघडं डोकं

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातले बरेच फौजी रजेवर येतात. घरी पाय टेकला की भावाची नाहीतर मित्राची मोटारसायकल निघते. बाजार, सोयरीक, शेत, सगळीकडे तीच. अन् डोकं मात्र उघडं. हाच जवान छावणीत असता तर हेल्मेटशिवाय फाटकातून आत जाऊ शकला नसता.

हेल्मेटची सक्ती मुळात फौजेतूनच आली. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला इंग्रज अधिकारी सैन्यसेवेतून निवृत्त होऊन घरी आला. थोड्याच आठवड्यांत, सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना तो मोटारसायकलवरून फेकला गेला आणि डोक्याच्या माराने सहा दिवसांनी वारला. त्याला तपासणाऱ्यांपैकी मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

२००८ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलात वर्षभरात इराकच्या लढाईपेक्षा मोटारसायकल अपघातांत जास्त सैनिक गेले. जो वैरी बंदुकीने मारू शकला नाही, त्याला रस्त्याने मारलं. तिथे आता प्रशिक्षण घेतल्याशिवाय सैनिकाला मोटारसायकल चालवता येत नाही. ब्रेक कसा दाबायचा, वळणावर गाडी कशी घालायची, हे मैदानावर शिकवतात.

आपल्याकडचा हिशेब पाहा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण अपघातांत दगावले. त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे घरधनीण, आई, शाळकरी पोर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट दोघांनाही लागतं, हे अनेकांना ठाऊकच नाही.

दोष एकट्या स्वाराचा नाही. दिवाळीच्या आगेमागेच आपण सोयाबीन, मका डांबरी रस्त्यावर वाळत घालतो आणि कडेला दगड मांडतो. रात्री ते दगड तसेच राहतात. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, बैलगाडीला चमकपट्टी नाही. वर्षभर बाहेर राहिलेल्या जवानाला हे खड्डे, ही वळणं अंधारात कशी उमगावी?

मग करायचं काय? धान्य खळ्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवा. ट्रॉली आणि गाडीला चमकपट्टी लावा, खर्च किरकोळ आहे. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा बांधा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं पडताना आधी उडतं. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी गावातल्या माजी सैनिकांना सोबत घेऊन शाळेच्या मैदानावर एक दिवस तरुणांचा सराव घ्यावा. शिस्त शिकवणारा माणूस गावातच आहे. अपघात दिसला तर आधी १०८ लावा. मदत करणाराला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४अ आलं आहे, भिऊ नका.

फवारणीला तोंडाला फडकं बांधा, असं मी बांधावर सांगत फिरतो. स्वतः मात्र बरीच वर्षं हेल्मेट हँडलला अडकवून हिंडलो. आता डोक्यावर घालतो. रजेवर आलेल्या लेकाला आपण ओवाळतो. निघताना त्याच्या हातात हेल्मेटही द्या.