जळालेली एलईडी

दहावीची परीक्षा संपली आणि लेकीने हट्ट धरला, "अम्मी, मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय." गावात असा क्लास नाही. मग मोबाइलवरचा एक मोफत ऑनलाइन कोर्स आम्ही मायलेकींनी मिळून सुरू केला. एक बारावी कला शाखा, दुसरी नुकतीच दहावी दिलेली.

पहिला आठवडा मजेत गेला. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही तीन-तीन धडे पाहायचो. विभवांतर म्हणजे गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचा जोर, विद्युतधारा म्हणजे नळाला येणारं पाणी, रोध म्हणजे अर्धवट फिरवलेली तोटी. सगळं समजलं, असं आम्हाला वाटलं.

मग सामान आलं आणि पितळ उघडं पडलं. उत्साहाच्या भरात पहिली एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला लावली. ती क्षणभर झगमगली आणि कायमची विझली. दुसऱ्या दिवशी ब्रेडबोर्डवर रेझिस्टर लावून पाहिला, तरी उजेड नाही. सामानच खराब असणार, असं म्हणून आम्ही डबा माळ्यावर टाकला.

तिसऱ्या दिवशी लेकीनेच तो खाली काढला. मल्टीमीटर लावून पाहिलं तेव्हा चूक सापडली. ब्रेडबोर्डची एका ओळीतली पाच छिद्रं आतून जोडलेली असतात आणि आम्ही एलईडीचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले होते! एक पाय शेजारच्या ओळीत सरकवला आणि एलईडी लागली.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. ९ मधून उरले ७. त्याला ४७० ओहमने भागलं की सुमारे १५ मिलिअँपिअर येतात. एवढी धारा तिला सोसते. हेच गणित व्हिडिओत चारदा पाहिलं होतं. कळलं मात्र एक एलईडी जाळल्यावर.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २०१२ साली याच विषयाचा मोफत ऑनलाइन कोर्स काढला होता. दीड लाखांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली, उत्तीर्ण झाले सात हजारांच्या आसपास. म्हणजे नाव घालणं सोपं, टिकणं अवघड. घरात जोडीला कोणी असेल तर एकाने टाकलेला डबा दुसरा खाली काढतो. एक धडा पाहा, मोबाइल ठेवा, तेवढंच हाताने करा. मात्र प्रयोग बॅटरीवरच करा. घरातल्या विजेच्या बोर्डाला हात लावू नका.

लेकीला पॉलिटेक्निकला जायचंय. तिचे अब्बू "बघू" म्हणत होते. परवा त्यांनी बंद पडलेला टॉर्च तिच्यापुढे ठेवला. तिने स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरने घासला आणि टॉर्च लागला.

फॉर्मवर अजून सही झालेली नाही. पण काल रात्री त्यांनी विचारलं, "फी किती असते गं?"